चोवीस नंबरची गोटी

माझ्या मेहुण्याने उभ्या आयुष्यात एकही खराब गोटी विकत घेतली नाही. हे एवढंसं वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली.

गोटी म्हणजे मुलं खेळतात ती नव्हे. गॅरेजमध्ये नटावर टोपीसारखी बसवून नट फिरवायचा जो पोकळ पाना असतो, त्याला आपल्याकडे गोटी म्हणतात. (हा खुलासा आधीच केलेला बरा. "गोट्या निवडायला अकोल्याला चाललो," असं मी शेजारच्या काकूंना फाटकात उभं राहून सांगितलं होतं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि आत जाऊन माझ्या बायकोला, कुसुमला, फोनवर विचारलं, "गुरुजींची तब्येत बरी हाय न?")

मी अमरावतीच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. ‘धातूंचे गुणधर्म’ हा धडा तर मी झोपेतही शिकवला असता. पहिला गुणधर्म, चकाकी. दुसरा गुणधर्म, नाद. पोरं एका सुरात म्हणायची आणि वर्गाच्या खिडक्या थरथरायच्या. या दोन गुणधर्मांनी पुढे माझं वाटोळं केलं. माझं कसलं, दिवाकरचं केलं.

दिवाकर म्हणजे कुसुमचा धाकटा भाऊ. चाळीस वर्षं अकोल्यात ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेली. इंजिनाचा आवाज ऐकून तो कोणत्या नटाला काय दुखतंय ते सांगायचा. आमच्या प्रफुल्लने नांदगाव पेठेच्या रस्त्यावर गॅरेज टाकायचं ठरवलं, तेव्हा त्याची एकच अट होती.

"बाबा, उस्ताद मनून मामाच पायजे. मामा नसन तर मी गॅरेज नाही टाकत."

दिवाकरनेही अकोल्याचं काम सोडलं. गॅरेजच्या मागच्या खोलीला चुना लागला, त्याची खाट आधीच येऊन पडली. उतारवयात भाच्याच्या गॅरेजमध्ये उस्ताद म्हणून बसायचं, एवढंच त्याला हवं होतं. आणि तेवढंच मी त्याला मिळू दिलं नाही.

सगळी हत्यारं जमली, फक्त हवेच्या दाबाने नट खोलणाऱ्या गनवर लावायच्या गोट्या राहिल्या. त्या दिवाकर कोणाला आणू देईना. मी रिकामाच होतो, म्हणून त्याच्यासोबत अकोल्याच्या दुकानात गेलो. लोक पोरीसाठी स्थळं पाहतात तशा त्याने गोट्या पाहिल्या. दुकानदाराने आधी एक भलीमोठी पेटी उघडली.

"हा पाहा मामा, चाळीस नगांचा सेट. सुटकेससगट. आरशावानी चमकते."

"आरसा घरी हाय भाऊ. मले गनवर लावाच्या गोट्या पायजे."

"अहो, चाळीस नग हायेत!"

"बारा लागतात. बाकीच्या अठ्ठावीस काय मी मुंजीत वाटू?"

मग दुकानदाराने माळ्यावरून काळ्या, ठेंगण्या, मंद रंगाच्या गोट्या काढल्या. दिवाकरचा चेहरा उजळला. त्याने रुमालाच्या गाठीतून एक जुना नट काढला (हा माणूस नट रुमालात बांधून हिंडायचा!), गोटीत बसवला आणि कानाशी धरून हलवला.

"पाहा भाऊजी, खुळखुळ नाही. आता कोने मोजा."

"सहा."

"बराबर. बारा कोन्याची गनवर नाही घ्याची, ते नटाचे कोपरे खाते. ही भिंत पाहा, कशी जाड हाय. नंबर पाहा, खोल ठोकला हाय. नुसता छापलेला असन तर दोन महिन्यात पुसते, मंग बसा अंदाज करत. अन् हे आडवं भोक पाह्यलं? यातून पिन जाते, वरून रबराची रिंग. नाहीतर गोटी गनमधून सुटून कोनाच्या डोक्शात जाईन."

"पण काळी कशाला?" मी विचारलं.

"चमकदार गोटी हातानं फिरवासाठी. ते कडक असते. गननं धडाधड धक्के देल्ले का फुटते. हे काये लोखंड धक्का पिऊन घेते भाऊजी. पिऊन घेते अन् गुमान राह्यते."

मी मान हलवली. मान हलवणारा विद्यार्थी ऐकत नसतो, हे मला एकतीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक असायला हवं होतं! माझं सगळं लक्ष समोरच्या हॉटेलात तळल्या जाणाऱ्या कचोऱ्यांवर होतं. माझ्या कानात एकच गोष्ट शिरली. त्याने चमकदार गोटी काउंटरवर टाकली, ती ‘टण्ण’ वाजली. काळी टाकली, ती ‘ठक्’ वाजली. आणि त्याने ठक् घेतली!

आता मला सांगा, उन्हाळ्यात आपण मडकं घेतो ते बोटाने वाजवूनच ना? टण्ण वाजलं की पक्कं, ठक् वाजलं की तडा गेलेलं. हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोराला कळतं आणि चाळीस वर्षांच्या उस्तादाला कळू नये? मी मनात म्हटलं, दिवाकरचं वय झालं. (तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे.)

गॅरेजचा मुहूर्त दसऱ्याचा होता. म्हणजे हत्यारांची पूजाही तिथेच होणार. आदल्या दिवशी दिवाकर मंडप बांधून घ्यायला गॅरेजवर गेला आणि गोट्यांची लाल पेटी आमच्या घरी राहिली. कुसुमने झाकण उघडलं आणि हात गालाला लावला.

"माय वं! हे काय जयलेले वांगे आनले यानं?"

झालं! ते वाक्य माझ्या डोक्यातून निघेना. मला उद्याचा पाट दिसू लागला. लाल कापड, झेंडूची फुलं, हळदकुंकू आणि मधोमध भरताची बारा वांगी! संक्रांत सोडली तर आपल्यात शुभकार्यात कोणी काळं वापरत नाही. व्याही येणार, माझे जुने सहकारी येणार. शिवाय मंडपात मी स्वखर्चाने दहा फुटी फ्लेक्स लावला होता. त्यावर माझा फोटो आणि खाली ‘उद्घाटक : प्रफुल्लचे वडील, आदर्श शिक्षक’. (मजकूर माझाच होता, पण ‘आदर्श’ हा शब्द फ्लेक्सवाल्याने सुचवला. मी फक्त विरोध केला नाही.)

दुपारी कुसुम आडवी झाल्यावर मी बाजार गाठला आणि चमकदार गोट्यांचा सेट घेऊन आलो. फक्त पूजेपुरता! पूजा आटोपली की काळ्या गोट्या परत पेटीत. यात फसवणूक कसली? नवरदेवाच्या घोड्यावर आपण झूल घालतोच की!

अडचण एकच आली. नव्या गोट्या अंगाने बारीक होत्या. दिवाकरच्या पेटीतल्या खाचांत त्या एस.टी.च्या खिडकीसारख्या खडखडू लागल्या. मी इकडेतिकडे पाहिलं. देवघरात कुसुमने नवरात्रासाठी वळलेल्या फुलवातींचा डबा होता. मी प्रत्येक गोटीच्या आत आणि भोवती फुलवाती कोंबल्या. खडखड बंद! काळ्या गोट्या गव्हाच्या कोठीत तळाशी पुरल्या आणि हात झटकून चहा मागितला.

"अवो, माह्या फुलवाती कोनं नेल्या?"

"उंदीर असतील," मी म्हणालो.

"उंदीर डब्याचं झाकन लावून जाते का?"

दुसऱ्या दिवशी फुलवाती उपसून गोट्या मीच पाटावर मांडल्या. पाट असा झगमगला की पुरोहितांनाही डोळे किलकिले करून मंत्र म्हणावे लागले. दिवाकर तेव्हा कॉम्प्रेसरच्या पाइपात गुंतला होता. तो पूजेला येऊन बसेपर्यंत गोट्यांवर हळद, कुंकू, गुलाल आणि फुलांचा असा थर चढला होता की आत गोट्या आहेत की पेढे, तेही कळू नये. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पूजेनंतर प्रफुल्लने गोट्या तशाच पेटीत भरल्या. आता पेटी उचलायची, घरी जायचं आणि अदलाबदल करायची, एवढंच उरलं होतं.

पण मध्ये माझं भाषण होतं. चार पानांचं!

आधी दिवाकरला खुर्चीवर बसवून मी त्याच्या अंगावर शाल पांघरली, मांडीवर नारळ ठेवला. मग माइक धरला. मी दुसऱ्या पानावर होतो तेवढ्यात संत्र्यांनी भरलेला एक मिनीट्रक डुलत डुलत आला. मागचं चाक बसलेलं. ड्रायव्हर खाली उडी मारून ओरडला, "भाऊ, लवकर करा! संत्रा हाय, उन्हात बसला तं नागपूरपर्यंत रस होईन!"

पहिलं गिऱ्हाईक! प्रफुल्लला हर्ष झाला. त्याने गन उचलली, पेटी उघडली आणि थबकला. दिवाकर फ्लेक्सच्या पलीकडे बसला होता, त्याला काही दिसत नव्हतं.

"मामा, गोट्या चमकून राह्यल्या ना!"

"हयद लागली असन."

"लावू का मंग चोवीसची?"

"डोये मिटून लाव लेका! माह्या हातच्या हायेत त्या!"

मी हे सगळं ऐकलं. माइक माझ्या हातात होता. ‘थांब’ हा दोन अक्षरांचा शब्द पुरला असता. पण मी तिसऱ्या पानावर आलो होतो, तिथे टाळ्यांची जागा होती. शिवाय मनात आलं, एका चाकाने काय होतंय? चकाकी आहे, नाद आहे, अजून काय पाहिजे! आणि मी आवाज चढवून म्हणालो, "मित्रहो, धातूची पारख कशी करावी, हे शिकावं तर..."

टर्रर्रर्र... फटाक्!

गोटी फुटली. एक तुकडा फ्लेक्समधून आरपार गेला, नेमका माझ्या नाकातून. दुसरा फ्लेक्सखालून दिवाकरच्या मांडीवरच्या नारळावर येऊन आपटला. टण्ण! (नाद हा गुणधर्म त्या क्षणीही सिद्ध झाला.) तिसरा प्रफुल्लच्या चष्म्याच्या काचेवर ओरखडा काढून संत्र्यांत घुसला. तो जाड चष्मा दिवाकरने सकाळीच त्याच्या डोळ्यांवर बळेबळे चढवला होता. "गर्मी होते मामा," म्हणून प्रफुल्ल कुरकुरत होता.

माइकमधून माझाच आवाज आला, "अगं आई गं!"

"गुरुजी, तुमचं नाक गेलं!" ड्रायव्हर ओरडला आणि मी खरोखर चाचपून पाहिलं.

प्रफुल्लने चष्मा काढला, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, तुमी तं म्हनलं होतं, दहा वर्सं हालत नाही! काहून असा माल आनला?"

दिवाकर उठला. मांडीवरचा तुकडा त्याने शालीच्या टोकाने पुसला. गुलाल गेला, चकाकी आली. त्याने कड पाहिली. मग बोटाच्या चिमटीने तुकड्याला चिकटलेला कापूस हळूच ओढला. फुलवात होती ती, अर्धी. त्याने फुलवातीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

माइक अजून माझ्या हातात होता. चार पानी भाषण करणाऱ्या माणसाने तो हळूच बंद केला!

"माही पारख चुकली रे प्रफुल्ल," दिवाकर म्हणाला आणि तुकडा खिशात टाकला.

"वय झालं आता मामाचं," मागून कोणीतरी बोललं. बहुधा व्याही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अकोल्याला निघाला. खाट मागाहून पाठवा म्हणाला. बसस्टँडवर सोडायला मीच गेलो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो.

"दिवाकर, त्या गोट्या..."

"भाऊजी, पोट्ट्याचा डोया गेला असता न. मी पेटी उघडून पाह्यली नाही. उस्तादानं उघडून पाहा लागते. डोये मिटून लाव म्हनलं मी!"

"अरे, पण ऐक तर..."

"अकोला, अकोला, मूर्तिजापूर, अकोला!" कंडक्टर माझ्या कानात ओरडला. दिवाकर चढला, खिडकीतून हात हलवला आणि गेला.

आता निदान गोट्या तरी जागेवर ठेवाव्या म्हणून मी कोठीत हात घालून त्या काढल्या आणि गॅरेजवर लाल पेटीत भरून गुपचूप ठेवून आलो. संध्याकाळी प्रफुल्ल धावतच घरी आला.

"आई! मामानं पाह्य काय केलं! नवीन सेट पाठवला, काया! न सांगता! चूक झाली तं लगेच बदलून देल्ली. मोठं मन हाय मामाचं."

त्याने माझ्यासमोर फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"मामा, सेट भेटला बरं! कोनाजवळ पाठवला होता?"

पलीकडे दिवाकर आधी खोकला. मग आवाज आला, "भेटला न? हौ. भाऊजी हायेत का तिथं? त्यायले नमस्कार सांग."

मी पाणी पीत होतो, ते नाकातून आलं. (फ्लेक्सवर भोक होतं त्याच बाजूने.)

प्रफुल्लने त्याला परत बोलावलं, एकदा नाही, तीनदा. "ज्याची पारख गेली त्यानं उस्ताद मनून नाही बसा लागत," एवढंच तो म्हणाला. प्रफुल्लने दुसरा उस्ताद ठेवला. मागच्या खोलीत टायर आले.

आठवडाभराने चक्कीवाल्याने कुसुमला हाक मारली. "काकू, गहू कोनता हाय तुमचा? एकोनीस नंबर का?" आणि गव्हातून निघालेली काळी गोटी तिच्या हातावर ठेवली. मी घाईत बारातल्या अकराच काढल्या होत्या! कुसुम घरी आली. एका हातात गोटी, दुसऱ्या हातात फुलवातींचा रिकामा डबा. दोन्ही तिने माझ्या ताटाशेजारी मांडले आणि पोळी वाढली.

"मी सांगणारच होतो," मी म्हणालो.

"कोनाले? उंदराले?"

"दिवाकरला."

"तुमीच सांगा. मी नाही सांगत. अन् त्याले ठाऊक नसन असं समजू नोका. तो लहानपनापासून तसाच हाय. सगयं पिऊन घेते."

(हे शेवटचं वाक्य खिडकीपलीकडच्या काकूंनी ऐकलं. दिवाकर व्यसनी आहे अशी गल्लीत चार महिने चर्चा होती. तेही माझ्याच खात्यात!)

त्यानंतर मी प्रयत्न केला नाही असं नाही. भाऊबीजेला तो आला, मी वाक्य पाठ करून बसलो होतो. तेवढ्यात प्रफुल्ल म्हणाला, "मामानं बदलून देल्लेल्या गोट्या लई कडक निंगाल्या," आणि मी बोलण्यासाठी उघडलेलं तोंड अनारशाने भरलं. एकामागून एक चार खाल्ले. मग पत्र लिहायला घेतलं. त्यात ‘माफी’ लिहावं की ‘क्षमा’, यावर दोन वर्षं गेली. शेवटी ‘दिलगिरी’ लिहिलं, ते कुसुमने वाचलं आणि म्हणाली, "हे नोटीस हाय का पत्र?"

त्या काळ्या गोट्या आजही प्रफुल्लच्या गॅरेजमध्ये चालतात. नऊ वर्षांत किती ट्रक, किती ट्रॅक्टर! एकीला तडा नाही, एकीचा कोन झिजला नाही. नवा कारागीर आला की प्रफुल्ल त्याला सांगतो, "पयला सेट मामानं चुकीचा आनला होता, हा सुधरून पाठवला." मी तिथे बसलेला असतो आणि पेपर उलटा धरून वाचतो. प्रफुल्ल, बाळा, आता हे वाच. पहिला सेट हाच होता.

गेल्या महिन्यात मी निश्चय केला आणि एकटाच अकोल्याला गेलो. दिवाकर ओट्यावर बसून डिझेलच्या डब्यात जुन्या गोट्या भिजवत होता. आता शेजारपाजारचे फवारणी पंप दुरुस्त करतो. मला पाहून हसला, पाट सरकवला. चाळीस वर्षं गनच्या आवाजात गेली, आता त्याला नीट ऐकू येत नाही. कोणीतरी मला हे आधी सांगायला हवं होतं!

मी उभाच राहिलो. बसलो तर धीर सुटेल असं वाटलं.

"दिवाकर, मला माफ कर."

"आँ?"

"माफ कर म्हणतो!"

"कोनाले?"

"मला! माफ! कर!" समोरच्या घरातून दोन माणसं बाहेर आली.

"साफ करता?" दिवाकर आनंदला. "मंग बसा ना भाऊजी! इतके वर्सं कावून नाही सांगतलं?"

आणि त्याने माझ्या हातात फडकं दिलं.

मी बसलो. गोट्या साफ करू लागलो. दहाची, बाराची, सतराची. डिझेल कोपरापर्यंत आलं. डब्याच्या तळाशी हात घातला तर काहीतरी बोटाला टोचलं. बाहेर काढलं. चमकदार तुकडा होता, एका बाजूला ‘२४’ असा आकडा. आतल्या बाजूला गुलालाच्या डागात कापसाचा एक धागा चिकटलेला.

मी तो फडक्यात धरला. काय करावं कळेना म्हणून घासू लागलो.

दिवाकरने मान वर केली नाही. हातातली काळी गोटी उजेडाकडे धरून तो तिचे कोन पाहत होता.

"ते नोका घासू भाऊजी," तो म्हणाला. "ते पयलेच चमकते."

घरी पोचलो तेव्हा कुसुम दारातच उभी होती.

"मागतली का माफी?"

मी काळेकुट्ट हात पुढे केले. "माफीचं राहूनच गेलं," मी म्हणालो, "पण गोट्या एक नंबर साफ झाल्या!"